खानदेशातला भला माणूस

दिवाळी अंकांतल्या गूढकथांवर वाढलेल्या वाचकाला एक खोड लागलेली असते. कथेच्या पहिल्या दोन पानांत कुणी विनाकारण चांगला वागला, की त्याच्यावर आपण डोळा ठेवतो. नव्या भाडेकरणीला दुधाचं पातेलं आणून देणारे शेजारचे काका, रात्री रस्ता चुकलेल्याला घरात घेणारी हसतमुख म्हातारी, आजाऱ्याच्या उशाशी बसून राहणारा दूरचा भाचा. शेवट कळल्यावर आपण मागची पानं उलटतो आणि म्हणतो, खुणा तर होत्याच.

इतिहास वाचताना ही सोय नसते. तिथे खुणा पेरून ठेवणारा लेखक नसतो, आणि जो फसला त्याने लिहून ठेवलेलं बहुधा काहीच नसतं. फसवणाऱ्याचा हिशेब उरतो, नाहीतर त्याच्यानंतर आलेल्या राज्यकर्त्याचा अहवाल. धुळे-जळगाव भागाच्या जुन्या इतिहासात मला असा ‘भला माणूस’ इतक्या वेळा भेटला, की त्याच्याकडे एक पात्र म्हणून पाहावं असं वाटू लागलं. तो दर वेळी वेगळ्या वेषात येतो. पहिल्यांदा तो आला तो मदत मागायला.

धुळ्याहून दक्षिणेला मुंबई-आग्रा रस्त्याने निघालं की नऊ-दहा किलोमीटरवर लळिंगचा किल्ला दिसतो. फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा १३९९ साली वारला तेव्हा त्याच्या राज्याचे दोन भाग झाले. तापीकाठचं थाळनेर धाकट्या इफ्तिखारकडे गेलं, लळिंग थोरल्या नासिर खानाकडे. नासिरची नजर होती ती मात्र ईशान्येला, सातपुड्यातल्या एका प्रचंड किल्ल्यावर. तो किल्ला आसा नावाच्या अहिराचा होता.

या आसाची हकीकत फरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. हजारो गाईम्हशी, त्याहून अधिक शेळ्यामेंढ्या, पदरी दोन हजार माणसं असा तो गुराखी जमीनदार. दुष्काळ पडला तेव्हा त्याने धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली, आणि याच उपाशी माणसांना हाताला काम म्हणून डोंगरावर दगडी तट बांधून घेतला. म्हणजे किल्लाच मुळी दुष्काळी कामावर उभा राहिलेला. मलिक राजाशी त्याचे संबंध सलोख्याचे होते.

नासिर खानाने या माणसाला निरोप पाठवला. बागलाण आणि अंतूरचे राजे माझ्यावर उठले आहेत, लळिंग शत्रूच्या फार जवळ आहे, माझ्या बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे. आसाने लगेच जागा मोकळी करून दिली. पहिल्या दिवशी काही डोल्या आल्या, त्यांत खरोखरच स्त्रिया होत्या. आसाच्या घरच्या बायकांनी त्यांची विचारपूस केली. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या. खानाची बेगम आणि आई येत आहेत असं सांगण्यात आलं होतं, म्हणून आसा आपल्या मुलांना घेऊन स्वागताला पुढे गेला. पडदे उघडले तेव्हा आत हत्यारबंद शिपाई होते. आसा आणि त्याची मुलं तिथेच कापली गेली. नासिर खान या वेळी लळिंगलाच होता; बातमी पोचल्यावर तो गडावर गेला.

यातली पहिल्या दिवसाची डोली मला सगळ्यात भयंकर वाटते. दुसऱ्या दिवसाचं काम शिपायांचं होतं, पण पहिल्या दिवशी आलेल्या त्या स्त्रिया खऱ्या होत्या. त्यांना आतली गोष्ट माहीत होती का, याबद्दल फरिश्ता एक अक्षर बोलत नाही. संशय फिटावा म्हणून आधी खरी वस्तू दाखवायची, ही युक्ती बाजारात सोनं विकणाऱ्यापासून रहस्यकथा लिहिणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. आणि लक्षात घेण्यासारखं हे की नासिर खान इथे स्वतः काहीच देत नाही. तो चांगुलपणा दाखवत नाही, समोरच्याचा चांगुलपणा वापरतो. दार उघडतं ते आसाच्या स्वभावामुळे. तो कंजूष किंवा भित्रा असता तर ‘जागा नाही’ म्हणाला असता आणि जगला असता.

आता थोडी शंका घ्यायला हवी. फरिश्ता विजापूरच्या दरबारात लिहीत होता, घटनेनंतर दोनशे वर्षांनी. १६०४ च्या सुमारास तो बुऱ्हाणपूरला येऊन गेला होता, त्यामुळे त्याने स्थानिक सांगोवांगी ऐकली असणार हे खरं. पण डोलीत शिपाई लपवण्याची गोष्ट हिंदुस्थानात फिरती आहे. शेरशहाने १५३८ मध्ये बिहारचा रोहतासगड घेतला त्याचीही कथा जवळजवळ हीच : राजाकडे जनान्यासाठी आसरा मागितला आणि डोल्यांतून सैनिक नेले. चितोडच्या आख्यानातही डोल्या आहेतच. तेव्हा आसिरगडावर नेमकं असंच घडलं, दोनशे डोल्याच होत्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. गड अहिराकडून फारुकींकडे गेला, लढाईने गेला नाही, आणि लोकांनी ती गोष्ट आश्रय मोडल्याची गोष्ट म्हणून लक्षात ठेवली, इतकं धरून चालायला हरकत नसावी.

दोनशे वर्षांनी त्याच गडावर फासे उलटे पडले. अकबराने १६०० मध्ये आसिरगडाला वेढा घातला. शेवटचा फारुकी सुलतान बहादूर खान बोलणी करायला खाली उतरला आणि त्याला परत जाऊ दिलं नाही. बादशहाने सुखरूप परत पाठवण्याची शपथ घेतली होती आणि ती मोडली, पुढे किल्ल्यातल्या लोकांना पैसे चारले, असं त्या वेळी छावणीत असलेल्या जेझुइट पाद्र्यांच्या कागदांवरून दिसतं. दरबारी इतिहासकार रोगराईचं आणि गडावरच्या हालांचं कारण देतात. व्हिन्सेंट स्मिथसारख्यांनी पाद्र्यांवर विश्वास ठेवला, इतरांनी ठेवला नाही. जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांकडे गेला आणि बहादूर खानाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. पूर्वजाने पाहुणा होऊन घेतलेला गड वंशजाने पाहुणा होऊन घालवला, असं म्हणण्याचा मोह होतो. पण इतकी नेटकी वाक्यं लिहिताना माझा हात जरा अडखळतो.

फरिश्ताचा हा ग्रंथ इंग्रजीत आणला जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने. चार खंड १८२९ मध्ये लंडनला छापले गेले. हाच ब्रिग्ज १८१८ मध्ये खानदेशाचा पहिला इंग्रज पोलिटिकल एजंट होता. आज दिसणारं धुळे हे जिल्ह्याचं ठाणं म्हणून उभं राहायला सुरुवात झाली ती त्याच्याच काळात. म्हणजे आसाची गोष्ट इंग्रजीत लिहिणारा माणूस लळिंगच्या पायथ्याशी राहून खानदेशावर राज्य करत होता, आणि त्याच्यापुढे सगळ्यात मोठा प्रश्न होता तो भिल्लांचा. हे लोक आपल्यावर विश्वास का ठेवत नाहीत, हा.

त्याचं उत्तर चौदा वर्षं मागे, कोपरगावच्या विहिरींत होतं.

१८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. तोवर भिल्ल हे गावगाड्याचाच भाग होते; रात्री गावाची राखण करणारे जागले त्यांच्यातलेच. गावं उजाड झाली, राखायला काही उरलं नाही, तेव्हा राखणदारच डोंगरात जाऊन लुटारू झाले. त्यांचा बंदोबस्त करण्याची जबाबदारी पेशव्यांचा खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याच्यावर आली.

१८८० मध्ये निघालेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये पुढची हकीकत थोडक्यात आहे. मनोहरगीर नावाच्या गोसाव्याच्या सल्ल्याने बाळाजी लक्ष्मणने भिल्लांच्या मोठ्या जमावाला गोदावरीकाठच्या कोपरगावी बोलावून आणलं, दग्याने पकडलं आणि त्यातल्या बहुतेकांना दोन विहिरींत फेकून दिलं. १८०६ मध्ये घेवरी-चांदगावला असाच प्रकार झाला. खानदेशातल्या चाळीसगाव, धरणगाव आणि अंतूर इथल्या कत्तलींची नोंदही तिथेच येते. त्यानंतर त्रिंबकजी डेंगळ्याच्या हाताखालच्या नारोबा टाकीतने घोडदळ घेऊन पंधरा महिन्यांत पंधरा हजार माणसं मारली असं म्हटलं आहे. हा आकडा गोल आहे आणि गोल आकडे तपासूनच घ्यावेत. पण तो निम्मा केला तरी काय उरतं ते पाहा.

कोपरगाव हे काही आडरान नव्हे. राघोबादादांचा वाडा तिथलाच, त्यांचा शेवटही १७८३ मध्ये त्याच परिसरात झाला. बोलावणं सरकारी ठाण्यावर होतं, आणि त्यामागे सल्ला गोसाव्याचा होता. यातला गोसावी मला विसरता येत नाही. अठराव्या शतकातले गोसावी सावकारी करत, फौजा बाळगत, हुंड्या चालवत, पण डोंगरातल्या माणसाला भगव्या कपड्यातला माणूस मारायला येतो असं वाटलं नसणार. बाळाजी लक्ष्मणकडे हुकूम होता, मनोहरगीरकडे चेहरा होता. गॅझेटियरमध्ये त्याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे.

इथे एक तिरकस गोष्ट नोंदवतो. याच काळातल्या ठगांवर कर्नल स्लीमनने १८३६ मध्ये त्यांच्या सांकेतिक भाषेचा आख्खा कोश छापला. वाटसरूंशी गोड बोलून त्यांना टोळीच्या सोबतीला आणणाऱ्या माणसाला ‘सोथा’ म्हणत, हे आपल्याला त्यातूनच कळतं. तीन वर्षांनी मेडोज टेलरची ठगावरची कादंबरी आली आणि विलायतेत खूप वाचली गेली. तिचा नायक अमीर अली हा तर दिलदार, देखणा, बोलण्यात लाघवी. वाचक त्याच्या प्रेमात पडतो आणि मग स्वतःलाच घाबरतो. ठगांची भीती किती खरी आणि किती कंपनी सरकारने फुगवलेली, यावर आता अभ्यासकांचे वाद आहेत. रस्त्यावरच्या गोडबोल्याला असे कोश आणि कादंबऱ्या मिळाल्या. सरकारी ठाण्यावरच्या गोडबोल्याला मिळाल्या त्या गॅझेटियरमधल्या दोन-चार ओळी.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी आधी बळच वापरलं. ब्रिग्जच्या काळात डोंगर वेढले, रसद तोडली, नाईकांना पकडलं, काहींना फाशी दिली. शांतता आली नाही. १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने धोरण बदललं. भिल्लांना वसवण्यासाठी तीन एजन्स्या निघाल्या. वायव्येला कुकरमुंड्याची, दक्षिणेला कन्नडची आणि ईशान्येला धरणगावची. धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी करण्याचं काम बावीस वर्षांच्या एका लेफ्टनंटकडे आलं. त्याचं नाव जेम्स औट्रम.

हे तेच धरणगाव, जिथे वीसेक वर्षांपूर्वी भिल्लांची कत्तल झाली होती. १८०५-०६ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा १८२५ मध्ये तिशीला आलेला असणार, म्हणजे नेमका शिपाईगिरीच्या वयाचा. त्याच्या बापाला, चुलत्याला सरकारने बोलावलं होतं. आता त्यालाही सरकार बोलावत होतं, त्याच गावी. इंग्रजांच्या लिखाणात भिल्लांचा संशयीपणा रानटी स्वभावाचा भाग म्हणून येतो. मला तो चांगला वाचकपणा वाटतो. त्यांनी ही गोष्ट आधी वाचलेली होती.

औट्रमने काय केलं ते त्यानेच लिहून ठेवलं आहे. आधी त्याने छापा घालून काही माणसं पकडली. त्यातल्या काहींना सोडून दिलं आणि बाकीच्यांचे नातेवाईक घेऊन या, मग सगळ्यांना मोकळं करतो, असं सांगितलं. या मार्गाने काही नाईकांशी ओळख झाली. मग तो एकटा, बरोबर पहारा न घेता, त्यांच्या जंगलात जाऊन राहू लागला. भरपूर ब्रँडी पाजून त्यांची मनं जिंकली आणि निःशस्त्र राहून त्यांचा विश्वास मिळवला, अशी कबुली तो मोकळेपणाने देतो. शेवटी पाच धाडसी माणसं पलटणीत यायला तयार झाली.

पाच! एवढ्या खटाटोपानंतर. पलटण भरत गेली, पण अफवा संपेना. आपल्याला एका जागी गोळा करून मारायचा हा बेत आहे, अशी धास्ती शिपायांत पुन:पुन्हा उठे. पलटणीला मालेगावच्या छावणीत न्यायची वेळ आली तेव्हा ती कळसाला पोचली असावी. तिथे औट्रमची मूळ पलटण होती, २३ वी. उंच जातींचे शिस्तीतले शिपाई. भिल्ल तिथे गेले. त्यांना कुणी हिणवलं नाही, शेजारी बसवून घेतलं, खाऊ घातलं, पानसुपारी दिली. औट्रमने या प्रसंगाबद्दल मोठ्या समाधानाने लिहिलं आहे. कोपरगावच्या बोलावण्याचा शेवट विहिरीत झाला होता, मालेगावच्या बोलावण्याचा शेवट विड्यावर झाला. एका पिढीची भीती त्या तबकाने किती कमी केली असेल हे मोजायला साधन नाही, पण त्यानंतर पलटण वेगाने भरली.

आता प्रश्न असा, की औट्रम या गोष्टीतलं कोणतं पात्र आहे?

सोपं उत्तर देशभक्तीचं आहे : तोही सोथाच, फक्त लाल डगल्यातला. माणसं ओलीस ठेवायची, दारू पाजायची, गोड बोलायचं. दुसरं सोपं उत्तर १८८० मध्ये गोल्डस्मिडने लिहिलेल्या दोन खंडी चरित्राचं आहे : शूर, निर्मळ मनाचा, रानटी लोकांचा लाडका साहेब. पुढे नेपियरने त्याला ‘हिंदुस्थानचा बायार्ड’, म्हणजे निष्कलंक सरदार, म्हटलं, आणि १८६३ मध्ये तो वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरला गेला. मी दोन्ही उत्तरं बराच काळ जवळ ठेवून पाहिली. मला दोन्ही पुरत नाहीत.

औट्रमची माया खोटी होती असं म्हणायला मला एकही कागद सापडत नाही. तो जंगलात खरोखरच निःशस्त्र राहिला. कुणीही रात्री त्याचा गळा कापला असता. दहा वर्षांत त्याच्या शिकारीत जवळपास दोनशे वाघ पडले, त्यातल्या कित्येक वेळी त्याचा जीव भिल्ल साथीदारांच्या हातात होता. १८३५ मध्ये तो गुजरातेत बदलून गेला तोवर हे चालू होतं. एवढं दीर्घ नाटक माणूस करत नाही. पण याच मायेवर उभी राहिलेली पलटण १८३० मध्ये त्याच्याबरोबर डांगावर चालून गेली. १८३१ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी दरोड्यांच्या तपासात त्याने शेकड्यांनी माणसं धरली, त्यातही भिल्ल होतेच. आणि तो गेल्यावर तेवीस वर्षांनी, ११ एप्रिल १८५८ रोजी, सातपुड्यात आंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांवर इंग्रज फौज तुटून पडली तेव्हा तिच्यात खानदेश भिल्ल कोअर होती. खाज्या नाईक स्वतः एके काळी सेंधव्याच्या घाटाची राखण करण्यासाठी इंग्रजांच्या नोकरीत होता.

बाळाजी लक्ष्मणच्या बोलावण्यात खोटेपणा होता, म्हणून ते एकदाच चाललं; दुसऱ्या खेपेला भिल्ल सावध झाले आणि डोंगर पेटले. औट्रमचं बोलावणं खरं होतं. ते तीस वर्षांनीही चालत होतं, तो खानदेशात नसतानाही. रहस्यकथेतला खलनायक शेवटच्या पानावर मुखवटा काढतो. औट्रमच्या चेहऱ्यावर मुखवटा नव्हताच, त्यामुळे काढण्याचा प्रश्नही आला नाही. ज्यांनी त्याच्याबरोबर शिकार केली त्यांना तो फसवणारा वाटला नसेल, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. आंबापाणीच्या दगडांआड बसलेल्यांना काय वाटलं असेल, हे त्यांच्यासमोर कुणी मांडलं असतं तर औट्रमलाही बहुधा वाईट वाटलं असतं. या वाईट वाटण्याने काही बदललं नसतं, इतकंच.

जाता जाता सातपुड्याच्या पलीकडची एक गोष्ट. निमाडचा तंट्या भिल्ल १८७८ मध्ये खांडव्याच्या तुरुंगातून निसटला आणि पुढची अकरा वर्षं निमाड, होळकरशाही आणि खानदेशाच्या सीमेवर पोलिसांना हुलकावण्या देत राहिला. बक्षिसं लागली, खास पथकं निघाली. तो सापडला नाही, कारण तो कुणाच्या बोलावण्याला जात नसे. १८८९ च्या राखी पौर्णिमेला मात्र तो गेला. मानलेल्या बहिणीचं घर होतं, आणि तिच्या नवऱ्याने, गणपतने, पोलिसांना आधीच घरात आणून बसवलं होतं. डोल्यांची गरज पडली नाही. त्या वर्षी ४ डिसेंबरला जबलपूरच्या तुरुंगात तंट्याला फाशी झाली.

त्याला आजही त्या भागात ‘तंट्या मामा’ म्हणतात. मामा म्हणजे आईचा भाऊ. राखीचंच नातं, एक पिढी पुढे सरकलेलं.